बिनपगारी वहिनी

एप्रिल उलटत आला होता तरी थंडी हलायला तयार नव्हती. सकाळी सहाला वसुधा शेडमध्ये शिरायची. आधी गमबूट, मग रबरी एप्रन, मग एकावर एक दोन हातमोजे. एवढं करूनही दहा मिनिटांत बोटं बधिर व्हायची. पट्ट्यावरून श्पार्गल यायचे, जमिनीच्या पोटात वाढलेले अ‍ॅस्परॅगसचे पांढरे कोंब, पहाटे कापलेले, मातीनं माखलेले. वरून गार पाण्याचा फवारा, पुढे बुडखे उडवणारं पातं, आणि त्याच्याही पुढे पाच बाया उभ्या. जाडे एका क्रेटमध्ये, बारके दुसऱ्यात, वाकडे खाली, शेंडा मोडलेले बादलीत. चार बाया रोमेनियाच्या होत्या आणि पाचवी कराडकडची.

मालकीणबाई, फ्राऊ क्राइटमायर, स्वतःही पट्ट्याशी उभी राहायची. बाई कडक, पण खोट्या वागणुकीची नव्हती. कामाला कुणी का आलंय हे तिनं कधी विचारलं नाही. वसुधानंही सांगितलं नाही की नवऱ्याची कंपनी इंगोलश्टाटच्या मोटार कारखान्याला दरवाज्यांचे भाग पुरवते, जानेवारीपासून तिथे काम निम्म्यावर आणलंय आणि पगारही त्याच मापानं खाली आलाय. गावात अशी घरं पुष्कळ होती. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

एप्रनच्या खिशात फोन थरथरला. बघायचीसुद्धा गरज नव्हती. ‘वहिनी, घरी कधी आहात? छोटंसं काम होतं.’ श्पार्गलचा मोसम आणि लोकांच्या टॅक्स रिटर्नचा मोसम बरोब्बर एकाच वेळी यायचा. आणि मेलं ते काम कधीच छोटंसं नसायचं.

सात वर्षं हे चाललं होतं. वसुधा बी.कॉम. झालेली, वर कराडला एका सीएच्या ऑफिसात सहा वर्षं घासलेली. सीएच्या परीक्षेचा मधला टप्पाही तिनं निम्मा पार केला होता. मग लग्न झालं, मग ओवी झाली, मग जर्मनी. इथं आल्यावर पहिल्याच वर्षी तिनं शब्दकोश मांडीवर घेऊन घरचं रिटर्न भरलं आणि फिनान्झआम्टकडून, म्हणजे इथल्या टॅक्स ऑफिसातून, घसघशीत परतावा आला. नवऱ्याला, श्रीनाथला, इतका आनंद झाला की त्यानं ती बातमी महाराष्ट्र मंडळाच्या सहलीत सगळ्यांना सांगून टाकली. ‘वसू करून देईल की. तिच्या डाव्या हातचा मळ आहे.’ बायकोला विचारायचं असतं, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

तेव्हापासून नऊ घरांची रिटर्नं तिच्या गळ्यात पडली. कुणाचं पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं, कुणाचे कंपनीचे शेअर्स, कुणाचं म्युनिकला एक घर आणि इथं एक खोली. माणसं रविवारी यायची, काजूकतलीचा डबा ठेवायची, कागदांची पिशवी ठेवायची आणि पोहे खायची. वहिनी आत कॉम्प्युटरवर बसायच्या आणि मधेच उठून चहाही टाकायच्या. डबा तर बहुतेकदा दुसऱ्या कुणीतरी त्यांना दिलेला असायचा. एकदा तर आतून तिसऱ्याच घराच्या बारशाची चिठ्ठी निघाली होती.

सगळ्यात हक्काचा सुधीर. श्रीनाथचा कॉलेजातला मित्र, आता सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्याचं रिटर्न सगळ्यांत किचकट आणि त्याचे कागद सगळ्यांत विस्कटलेले. मेच्या पहिल्या रविवारी तो बायकोला, स्नेहलताला, घेऊन आला. वसुधा शेडमधून नुकतीच आली होती. बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या, कांदा चिरताना झोंबत होत्या. स्नेहलता म्हणाली, वहिनी, हातांची किती आबाळ केलीत, क्रीम लावत जा हो. पोह्यांची दुसरी बशी मात्र तिनं वसुधाकडूनच मागून घेतली.

त्या दिवशी पहिल्यांदाच वसुधालाही काहीतरी मागायचं होतं.

गोष्ट अशी होती. श्टॉयरबेराटर म्हणजे इथला परवानाधारक टॅक्स सल्लागार. तो व्हायचं तर आधी इथली पदवी, मग तीन वर्षं एखाद्या सल्लागाराच्या ऑफिसात नोकरी, मग परीक्षा. पदवीची फी बघूनच तिनं दोनदा विचार सोडून दिला होता. मग एक पत्राद्वारे शिकवणारं कॉलेज सापडलं, तिच्या ऐपतीतलं एकमेव. तिथली तऱ्हा अशी की आधी शिकलेलं मोजून घेतात. पदवीला एकशेऐंशी क्रेडिट लागायची, आणि जेवढी मोजून घेतली तेवढी फी माफ, तेवढा वेळ माफ. कराडच्या बी.कॉम.ची साठ त्यांनी मान्य केली होती. ते पत्र आलं त्या दिवशी वसुधा संडासात दार लावून रडली होती. आणखी तीस कामाच्या अनुभवावर मिळणार होती. अट एकच, ज्यांचं काम केलं अशा तिघांनी लिहून द्यायचं आणि तीस जूनच्या आत कॉलेजला पोचवायचं. नव्वद झाली तर अर्धी पदवी हातात, आणि उरलेल्या अर्ध्याची फी शेडच्या पैशांतून निघत होती. नाहीतर पुन्हा सगळं बासनात.

सुधीर ऐकून खूश झाला. म्हणाला, अहो वहिनी, हे काय विचारणं झालं, द्या पाठवून, डोळे मिटून सही करतो. वसुधाला इतकं बरं वाटलं की तिनं त्याचं रिटर्न त्याच बैठकीत पुरं केलं. तिनं नऊही घरांना मजकूर पाठवला. अगदी सोपा, चार ओळींचा.

आठवडा गेला. दुसरा गेला. मजकुराखाली दोन निळ्या खुणा दिसायच्या, उत्तर मात्र कुणाचं नाही. एरवी रात्री साडेदहाला ‘वहिनी, जाग्या आहात का’ विचारणारी ही माणसं. फक्त ईप्सितानं, गार्चिंगला पीएचडी करणाऱ्या पोरीनं, पानभर पत्र लिहून सही करून पाठवलं. वसुधाताईंनी माझं काय काय केलं, कधी केलं, सगळं तारखांसकट. बाकी आठ घरं चिडीचूप.

मेच्या शेवटी श्रीनाथनं जेवताना सांगितलं. मान खाली घालून, भात कालवत. सुधीरचा फोन आला होता, तिला नव्हे, श्रीनाथला. मंडळाचे अध्यक्ष हरीश म्हणतात की असं लिहून देणं बरं नाही. परवाना नसताना दुसऱ्याचं रिटर्न भरायला इथं कायद्यानं बंदी आहे. उगाच कुणाच्या व्हिसाला, नागरिकत्वाला धक्का लागायचा.

वसुधानं विचारलं, सात वर्षं हे कुणाला माहीत नव्हतं का?

‘तू कशाला लोकांना अडचणीत घालतेस, वसू? आपलीच माणसं आहेत. मी बोललोय सुधीरशी. सोड आता.’

तिनं ताट बाजूला सारलं. तिला राग सुधीरचा आला, हरीशचा आला, पण सगळ्यात जास्त त्या खाली घातलेल्या मानेचा आला. तिच्या वतीनं हो म्हणणारा हाच, आता तिच्या वतीनं सोड म्हणणाराही हाच.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या सुट्टीत तिनं कॉलेजच्या सल्लागारबाईंना, फ्राऊ लिंडनरना, फोन लावला. शेडमागे रिकाम्या क्रेटच्या थप्पीला टेकून, एका कानात बोट घालून. बाहेर सऱ्यांवर काळं प्लास्टिक अंथरलेलं होतं आणि त्यावरून पावसाचं पाणी ओघळत होतं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, पैसे घेतलेत का? नाही म्हटल्यावर म्हणाल्या, त्यानं फरक पडत नाही. एकदा-दोनदा नव्हे, वर्षानुवर्षं केलंत ना. दंड झालाच तर तो करणाऱ्याला होतो, करवून घेणाऱ्याला काहीच नाही. तुम्हाला उद्या परवाना हवाय, तेव्हा हे कागद मला पाठवू नका. मी हे ऐकलेलंच नाही.

‘मग माझ्या सात वर्षांचं काय?’

बाई म्हणाल्या, जवळच्या नातेवाइकांचं रिटर्न फुकट भरलेलं कायद्यात बसतं. रक्ताचा किंवा लग्नाचा नातेवाईक. त्या नऊ घरांमध्ये तसं कुणी आहे का?

वसुधानं मनातल्या मनात नावं घेतली. सुधीर भावजी. हरीशदादा. प्रभाकाकू. ज्यांना सात वर्षं तिनं अशी हाक मारली, ज्यांच्या मुलांना वाढदिवसाला ओवाळलं, स्नेहलताच्या बाळंतपणात डब्यांवर डबे पोचवले, त्यातलं कुणीसुद्धा रक्ताचं नव्हतं आणि लग्नाचंही नव्हतं. त्या यादीबाहेर एकच माणूस कायद्यात बसत होता, नवरा. त्याचंच एक पत्र चालेल, बाई म्हणाल्या. त्यावर दहा क्रेडिट देता येतील. तिसाच्या जागी दहा. उरलेल्या विसांच्या फीसाठी शेडमध्ये आणखी एक मोसम.

आत पट्टा सुरू झाल्याची घंटा झाली. ती जाऊन उभी राहिली. शेजारच्या दोइनानं तिच्या पुढ्यातले कोंब दोन-तीनदा परत उचलले, कारण ती जाडे बारक्यांत टाकत होती.

जूनच्या तिसऱ्या शनिवारी शेडपुढच्या दुकानात गर्दी होती. मोसम संपत आला की लोक श्पार्गलवर तुटून पडतात. फ्राऊ क्राइटमायरनं वसुधाला सोलायच्या मशीनवर उभं केलं. गिऱ्हाइकानं वजन करून घ्यायचं, हिनं कोंब मशीनमध्ये एकेक सारायचे, सालींचा ढीग बाजूला ओढायचा, सोललेले ओल्या कापडात गुंडाळून द्यायचे. साली हाताला चिकटायच्या आणि आंबूस वास मारायच्या. केसांना जाळी, एप्रन ओलागच्च, गमबुटात पाणी.

रांगेत सुधीर होता. बरोबर ऑफिसातले दोन जर्मन साहेब आणि त्यांच्यातल्या एकाची बायको. सुधीर त्यांना श्पार्गल कसा निवडायचा ते समजावत होता. मशीनपाशी आला, वसुधाच्या तोंडाकडे बघितलं, आणि नजर तिच्यावरून सरकवून मशीनवर नेली. जर्मनमधून म्हणाला, दोन किलो, सोलून द्या, प्लीज. साहेबानं कौतुकानं विचारलं की ही तुमच्या देशाची का? सुधीर हसून म्हणाला, असेल, इथं हल्ली पुष्कळ आहेत.

वसुधानं दोन किलो सोलले. एकही शेंडा मोडू दिला नाही. कापडात गुंडाळून त्याच्या हातात दिले. त्यानं ‘डांके’ म्हणून आभार मानले.

गाडी गेल्यावर तिनं पुढच्या गिऱ्हाइकाचे कोंब मशीनमध्ये सारले. आणखी चार तास रांग थांबली नाही. घरी आली, अंघोळ केली, तरी वास जाईना. साडेचारला फोन वाजला. ‘वहिनी, सकाळी जरा घाईत होतो, ऑफिसातले साहेब बरोबर होते. फिनान्झआम्टचं पत्र आलंय, शेअर्सबद्दल विचारतायत, महिन्याच्या आत हरकत घ्यायची आहे. उद्या येतो. तुमच्या हातचे पोहे, बस्स.’

तिनं फोन पालथा ठेवला. श्रीनाथला काहीही सांगितलं नाही.

रविवारी अकराला सुधीर आला, या वेळी एकटाच, पिशवी आणि डबा घेऊन. श्रीनाथनं त्याला बसवलं, पंखा वळवून दिला आणि आत हाक मारली, ‘वसू, सुधीरचं जरा बघतेस का?’ ओवी सोफ्यावर पाय पसरून मोबाइलमध्ये होती. वसुधा बाहेर आली. पोह्यांची बशी नव्हती तिच्या हातात. ती बसली नाही.

‘भावजी,’ ती म्हणाली, ‘काल शेडमध्ये तुम्ही मला ओळखलं नाहीत.’

सुधीर गडबडला. म्हणाला, अहो वहिनी, तसं नाही, ते लोक बरोबर होते, तुम्हालाच ऑकवर्ड झालं असतं.

‘बरं केलंत. कायदाही तेच म्हणतो. तुम्ही माझे कुणी नाही, मी तुमची कुणी नाही. परक्या माणसाचं काम मला करता येत नाही. पिशवी उचला.’

श्रीनाथ अर्धवट उठला. वसू, असं म्हणून तो थांबला, कारण तिनं त्याच्याकडे बघितलं होतं. सुधीरनं एकदा मित्राकडे बघितलं, एकदा पिशवीकडे. मग पडेल आवाजात म्हणाला, हे एवढं एक बघून द्या, शेवटचं. सल्लागाराकडे गेलो तर तो केवढ्याला कापेल माहीत आहे का?

‘माहीत आहे,’ वसुधा म्हणाली. ‘तुम्हाला नव्हतं माहीत.’

सुधीर निघून गेला. डबा टेबलावरच राहिला. तो तिनं उघडलाही नाही, तसाच ओवीच्या हाती देऊन जिन्यातून खाली पाठवला, गाडी निघायच्या आत दे म्हणून. ओवीनं जर्मनमध्ये विचारलं, मी काय सांगू त्यांना? काही सांगायचं नाही, वसुधा म्हणाली.

दार लागल्यावर श्रीनाथचं तोंड सुटलं. वीस वर्षांची मैत्री होती. उद्या कंपनीनं काढलं तर कोण शब्द टाकणार होतं, सुधीरच ना? तो माणूस घरी आलेला, त्याला असं तोंडावर हाकलून दिलंस. शेडमध्ये काम करायला मी सांगितलं होतं का? त्यात लाज कसली वाटून घ्यायची? त्यानं नाही ओळखलं तर नाही ओळखलं.

वसुधानं त्याला बोलू दिलं. पूर्ण. मग कपाटातून कोरा कागद आणला, पेन आणलं, टेबलावरचे पाण्याचे थेंब पदरानं पुसले आणि कागद त्याच्यापुढे ठेवला.

‘मला लाज नाही वाटत. शेडमध्ये उभी राहते त्याची तर मुळीच नाही. मला चीड येते. आठ घरांनी हात वर केले. ईप्सितानं लिहिलं, ते पाठवता येत नाही. कायद्यात बसणारे एकटे तुम्ही उरलात. लिहा.’

काय लिहू, त्यानं विचारलं. घरचं रिटर्न कोण भरतं ते लिहा, ती म्हणाली. तो म्हणाला, उद्या लिहितो, आता डोकं ठिकाणावर नाही. ती म्हणाली, पोस्टाला दोन दिवस लागतात आणि उद्यापासून शेवटच्या तोडणीमुळे मी बारा तास शेडमध्ये आहे, तेव्हा आत्ताच. आवाज चढवला नव्हता. तिचा असा आवाज त्यानं लग्नानंतर ऐकला नव्हता.

श्रीनाथनं खुर्ची ओढली. जर्मनमध्ये लिहायला बराच वेळ घेतला. दोन ओळी झाल्यावर कागद तिच्याकडे सरकवला. तिनं वाचला. दरवर्षी आमचं रिटर्न भरताना माझी पत्नी मला मोलाची मदत करते, असं लिहिलं होतं. खाली त्याची झोकदार सही.

वसुधानं कागद नीट उभा फाडला, मग आडवा. दुसरा कोरा पुढे ठेवला.

‘मदत कुणी कुणाला केली?’

अगं, ती फक्त बोलायची पद्धत असते, तो म्हणाला. कॉलेजला काय फरक पडतो? ती म्हणाली, मदत लिहिलंत तर ते काम तुमचं होतं. त्याला क्रेडिट मिळत नाही. सात वर्षं ऑफिसातल्या मित्रांना सांगत आलात ना, मी भरतो म्हणून. मी ऐकलंय, दोनदा, याच खोलीत. तेव्हा मी आत चहा गाळत होते.

त्याचे कान लाल झाले. त्यानं पेन पुन्हा उचललं. या वेळी ती मागे उभी राहिली आणि एकेक वाक्य सांगत गेली, तो लिहीत गेला. सन दोन हजार अठरापासून आमच्या घराचं टॅक्स रिटर्न माझी पत्नी वसुधा तयार करते. कागद ती जमवते, आकडे ती मांडते, फिनान्झआम्टच्या पत्रांना उत्तरं तीच देते. तिच्या चिरा पडलेल्या बोटांना अजून श्पार्गलचा वास येत होता आणि तो त्याच्या खांद्याशी येत होता. एका कठीण जर्मन शब्दाशी तो अडला, तिनं तो न बघता सांगितला.

‘आता शेवटचं,’ ती म्हणाली. ‘हे सगळं ती एकटी करते. मला त्यातलं काही येत नाही.’

पेन थांबलं.

‘एवढं लिहायलाच हवं का, वसू? काही येत नाही म्हणून?’

‘येतं का?’

बाहेर ट्रॅक्टर गेला, खिडकीच्या काचा हलल्या. जिन्यावर ओवीची पावलं वाजली, दार उघडलं, ती आत आली आणि दोघांना बघून तिथेच उभी राहिली. वसुधा जागची हलली नाही.

त्यानं लिहिलं.